असाध्य आजारातील सेवा : तिची पारख कशी करावी?

किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या आणि किती रुग्ण बरे होऊन घरी गेले, ही आकडेवारी वार्षिक अहवालाच्या रूपाने दरवर्षी आपणांसमोर ठेवण्यात येते. परंतु या तिन्ही रकान्यांत न बसणारे रुग्णही प्रत्येक रुग्णालयाच्या दारी येत असतात. कोणाचा मुखाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग अखेरच्या अवस्थेला पोहोचलेला असतो, कोणाची मूत्रपिंडे निकामी झालेली असतात, कोणी पक्षाघाताने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेला असतो. "आता करण्यासारखे काही उरलेले नाही" असे ऐकून ही मंडळी मोठ्या शहरातून परत येतात आणि नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : "आता यांना कुठे ठेवायचे?"

आपल्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग नाही. साहजिकच त्यांना दुसऱ्या संस्थेचे नाव सुचवावे लागते. नाव सुचविणे हे कागदावर पत्ता लिहून देण्याइतके सोपे काम नाही. त्या पत्त्यावर रुग्णाचे शेवटचे दिवस जाणार असतात आणि ते दिवस दुसऱ्यांदा मिळत नाहीत. यास्तव अशा संस्थेची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, याचे विवेचन विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय या सर्वांसाठी येथे करीत आहोत.

हॉस्पिस म्हणजे काय?

ज्या आजारातून रुग्ण पूर्ण बरा होण्याची शक्यता उरलेली नाही, त्या आजारात वेदना, धाप, उलट्या, जखमा यांचा त्रास कमी करणे आणि रुग्णाच्या व कुटुंबाच्या मनाला आधार देणे, या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत त्यास परिहार सेवा असे म्हणता येईल. ही सेवा आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर, मूळ उपचारांच्या बरोबरीनेही देता येते. आयुष्याच्या अखेरच्या काळात ती जेथे प्रामुख्याने दिली जाते ती जागा किंवा व्यवस्था म्हणजे हॉस्पिस होय. हॉस्पिस म्हणजे वृद्धाश्रम नव्हे, आणि मृत्यूची वाट पाहण्याची धर्मशाळाही नव्हे. तेथे उपचार होतात. फक्त उपचारांचे उद्दिष्ट बदललेले असते.

आधुनिक हॉस्पिसचा आरंभ १९६७ साली लंडन येथे डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. सॉन्डर्सबाई प्रथम परिचारिका, नंतर समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हा विचार त्यांनी रुजविला. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले. पुढे संस्थेने गोव्यात व दिल्लीतही केंद्रे काढली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र कार्यरत आहे. तेथे रुग्णासोबत घरचे माणूस राहते आणि सेवा कशी करावी हे शिकून घरी जाते. केरळात १९९३ साली कालिकत येथून डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले कार्य गावोगावच्या स्वयंसेवकांपर्यंत पोहोचले आणि २००८ मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरणच स्वीकारले. केंद्र शासनाने राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ मध्ये आखला.

एवढे असूनही देश म्हणून आपली स्थिती समाधानकारक नाही. 'इकॉनॉमिस्ट'च्या अभ्यास विभागाने अखेरच्या काळातील सेवेच्या दर्जाची जागतिक क्रमवारी २०१० साली प्रसिद्ध केली, तीत ४० देशांमध्ये भारत शेवटचा होता. २०१५ च्या क्रमवारीत ८० देशांमध्ये आपला क्रमांक ६७ वा लागला. परभणीसारख्या जिल्ह्यात तर निवड करण्यासाठी संस्थाच फारशा नाहीत. म्हणूनच जी सेवा मिळेल ती डोळसपणे पारखून घेणे अधिक अगत्याचे ठरते.

कसोटी पहिली : वेदना मोजली जाते काय?

इमारत, बगीचा, प्रार्थनागृह हे सारे नंतर पाहावे. प्रथम विचारावे, "येथे रुग्णाची वेदना मोजता का आणि लिहून ठेवता का?" वेदना मोजण्यास यंत्र लागत नाही. शून्य म्हणजे मुळीच वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, या हिशेबाने रुग्णालाच आकडा विचारतात. अंक न समजणाऱ्या आजीबाईंना रुपया आणि पैशांच्या हिशेबात किंवा चेहऱ्यांच्या चित्रांवरून विचारता येते. दाखल होताना वेदना आठ होती आणि दोन दिवसांनी ती तीनवर आली, अशी नोंद ज्या संस्थेच्या कागदावर सापडते ती संस्था आपले मुख्य काम करीत आहे असे समजावे. 'रुग्ण आरामात आहे' एवढाच शेरा रोज लिहिलेला असेल तर तो पुरेसा नाही.

याच कसोटीचा दुसरा भाग मॉर्फीनचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची पायऱ्यांची पद्धत सांगितली : साध्या वेदनाशामकापासून सुरुवात करावी, न भागल्यास वरच्या पायरीवर जावे, औषध शक्यतो तोंडाने द्यावे आणि घड्याळ लावून द्यावे. वेदना उसळल्यावर गोळी शोधायची नाही, तर ती उसळू नये म्हणून वेळेवर गोळी द्यायची. वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे. त्याची साधी गोळी सामान्यतः दर चार तासांनी देतात आणि तिच्यासोबत बद्धकोष्ठतेवरचे औषधही देतात. जी संस्था मॉर्फीन देते पण रेचक देत नाही, तिला हे शास्त्र पुरते अवगत नाही असे खुशाल समजावे.

मॉर्फीनविषयी समाजात भीती आहे. माणसाला व्यसन लागेल किंवा मृत्यू लवकर येईल असे अनेकांस वाटते. जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत वेदनेसाठी दिल्यास ही भीती अनाठायी ठरते. अडचण दुसरीकडे होती. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे हे औषध बाळगण्यास अनेक परवाने लागू लागले आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने हा गुंता सोडविला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, एकच मान्यता पुरते. तेव्हा संस्थेस स्पष्ट विचारावे : ही मान्यता आहे काय? तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन आज शिल्लक आहे काय? साठा संपून रुग्णाला थांबावे लागले असे दिवस गेल्या वर्षात किती आले? घरी जाताना किती दिवसांचे औषध मिळेल? हे औषध गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. पालम किंवा जिंतूर तालुक्यातील खेड्यावर राहणाऱ्या कुटुंबाला शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे.

कसोटी दुसरी : रात्री कोण येते?

दिवसा दहा ते पाच सर्वच संस्था चांगल्या असतात. रुग्णाचा त्रास मात्र रात्री वाढतो. रात्री दोन वाजता धाप लागली तर फोन कोण उचलते, उचलणारी व्यक्ती परिचारिका आहे की पहारेकरी, डॉक्टरांशी बोलणे होते का, हे आधीच विचारून घ्यावे. घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थेस याहून अधिक विचारावे : आठवड्यातून किती भेटी होतील, आमच्या गावापर्यंत गाडी येते का, पावसाळ्यात रस्ता बंद झाल्यास काय व्यवस्था आहे?

अमेरिकेत हॉस्पिसचा दर्जा ठरविताना एक साधी गोष्ट पाहतात. रुग्णाच्या आयुष्यातील शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस परिचारिका किंवा समाजसेवक प्रत्यक्ष भेटीस गेले होते काय, याची नोंद घेतली जाते. याचे मर्म आपणही ध्यानात घ्यावे. अंत जवळ आल्यावर "आता मोठ्या दवाखान्यात न्या" असे सांगून हात काढून घेणारी संस्था कितीही नावाजलेली असली तरी ती या कामासाठी योग्य नव्हे.

कसोटी तिसरी : हात शिकलेले आहेत काय?

ही सेवा केवळ दयाबुद्धीने होत नाही. तिचे शिक्षण असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. डॉक्टर व परिचारिकांसाठी अल्प मुदतीचे प्रशिक्षणही उपलब्ध असते. संस्थेतील निदान एका डॉक्टराने व एका परिचारिकेने असे प्रत्यक्ष रुग्णांवरील प्रशिक्षण घेतलेले असावे. एनएबीएचसारखे प्रमाणपत्र असल्यास रुग्णालयाची सर्वसाधारण शिस्त कळते, परंतु मरणासन्न माणसाचे तोंड कोरडे पडले तर ते कसे ओले ठेवावे हे येथील परिचारिकेस ठाऊक आहे का, ते त्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी संस्थेत जाऊन पाहावे. रुग्णांची तोंडे स्वच्छ आहेत का? ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलली जाते का? पाठीला व माकडहाडाला झालेली जखम येथे आल्यावर झाली की आधीची होती? मुखाच्या कर्करोगाच्या उघड्या जखमांना दुर्गंधी येते आणि त्यामुळे नातवंडेसुद्धा जवळ येईनाशी होतात. मेट्रोनिडॅझॉलच्या गोळ्यांची पूड जखमेवर वापरून ही दुर्गंधी पुष्कळ कमी करता येते. हा उपाय स्वस्त आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी तंबाखूने दिलेल्या जखमा आपल्या भागात अजून दिसतात. म्हणून या एका बाबीवरून संस्थेची शुश्रूषा चटकन ओळखता येते.

कसोटी चौथी : रुग्णाशी कोण बोलते?

आपल्याकडे नातेवाईक प्रथम सांगतात, "त्यांना काही कळू देऊ नका." ही माया आहे, तिचा अवमान होता कामा नये. परंतु रुग्णाला बहुधा सारे उमगलेले असते आणि तो घरच्यांसाठी न कळल्याचे सोंग घेत असतो. चांगली संस्था सत्य कोणावर लादत नाही आणि कोणापासून हिरावूनही घेत नाही. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे ती त्यालाच हळुवारपणे विचारते. शेताची वाटणी, मुलीचे लग्न, कोणाशी धरलेला अबोला, अशी कामे उरकण्यास त्यामुळे अवधी मिळतो.

बोलणे रुग्णाच्या भाषेत व्हावयास हवे. आपल्या जिल्ह्यात मराठीखेरीज घरी दखनी उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत, तांड्यांवर बंजारा बोली आहे. अंतकाळी कोणाच्या मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालावयाचे असते, कोणाला कलमा ऐकावयाचा असतो, कोणाला त्रिशरण ऐकून शांत वाटते. संस्था कोणत्याही धर्माच्या मंडळींनी चालविलेली असो, रुग्णाच्या श्रद्धेला तेथे जागा मिळते का, हे अवश्य पाहावे.

कृत्रिम श्वसनयंत्र लावावे की नाही यांसारख्या निर्णयांबाबत माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने हा अधिकार मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष केलेला असा लेख आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. संस्थेला याची माहिती असावी आणि तिने ती नीट समजावून सांगावी.

कसोटी पाचवी : कुटुंबाचे काय?

जिल्ह्यातील कर्करोगाचे रुग्ण उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर, बार्शी किंवा थेट मुंबईस जातात. देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतच्या फेऱ्या आणि दादरच्या धर्मशाळेतला मुक्काम यांतच कुटुंबाची शिल्लक संपते. रुग्ण घरी परततो तेव्हा कुटुंब थकलेले व कर्जात असते. शासकीय योजनांचा आधार मुख्यतः रुग्णालयातील उपचारांना आहे. घरच्या खाटेवरील महिनोन्‌महिन्यांच्या शुश्रूषेचा भार बहुतांशी कुटुंबावरच पडतो.

अशा वेळी संस्था घरच्या माणसाला काय शिकविते, हे पाहावे. नळीने अन्न कसे द्यावे, जखम कशी धुवावी, गोळ्यांचे वेळापत्रक निरक्षर सुनेलाही कळेल असे कसे लिहावे, हे शिकविण्यातच निम्मी सेवा आहे. सोयाबीनच्या सुगीत घरात दिवसा कोणी नसते आणि ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबात म्हाताऱ्याजवळ म्हातारीच उरते. या गोष्टी विचारात घेऊन जी संस्था आशाताईंशी, शेजाऱ्यांशी वा गावच्या तरुणांशी संधान बांधते तिची सेवा टिकते. तसेच सेवा मृत्यूबरोबर संपत नाही. दिवसकार्य झाल्यावर कोणी विचारपूस करण्यास जाते का, हेही दर्जाचे एक माप आहे. अमेरिकेत तर मृत्यूनंतर काही महिन्यांनी नातेवाइकांना प्रश्नावली पाठवून त्यांची मते जाहीर केली जातात.

हिशेबाची बाजू

आमचा पिंड वाणिज्य शाखेचा असल्याने ही बाजू जरा विस्ताराने मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. सामान्य रुग्णालयाची प्रगती खाटा किती भरल्या यावरून मोजण्याची रीत आहे. येथे ती फसवी ठरते. खाटा रिकाम्या आहेत कारण पथक घरोघर जाऊन रुग्णांना घरीच सुखात ठेवीत आहे, असेही असू शकते. उलट खाटा सदैव भरलेल्या असून वेदनेची एकही नोंद नाही, असेही आढळू शकते. म्हणून देणगीदारांनी व विश्वस्तांनी ताळेबंदासोबत पुढील आकडे मागावेत : मागणी आल्यापासून पहिली भेट किती दिवसांत झाली; दोन दिवसांत किती रुग्णांची वेदना आटोक्यात आली; मॉर्फीनचा साठा किती दिवस नव्हता; रात्रीचे किती फोन आले व किती उचलले गेले; किती रुग्णांचा अंत त्यांच्या इच्छेच्या ठिकाणी झाला. ही माहिती ठेवण्यास एक वही आणि एक प्रामाणिक कारकून पुरतो. भारतातील या क्षेत्रातील जाणकारांनी अशा सेवांसाठी किमान निकष तयार केले असून त्यांत अत्यावश्यक व इष्ट अशी विभागणी आहे. संस्थेने त्यांवर स्वतःची तपासणी केली आहे का, असेही विचारता येईल.

खर्चाचे स्वरूपही निराळे आहे. यंत्रसामग्रीवर येथे थोडा खर्च होतो. मुख्य खर्च परिचारिकांचे वेतन, गाडीचे इंधन व औषधे यांवर होतो, आणि तो दरमहा होतो. इमारतीसाठी देणगी देणे सोपे असते, कारण तिला कोनशिला बसविता येते. परिचारिकेच्या पगाराला कोनशिला नसते. तथापि, वेदना कमी होते ती त्या पगारातून. दानशूर मंडळींनी हा विचार अवश्य करावा, अशी नम्र विनंती आहे.

संस्था विनामूल्य सेवा देते की शुल्क घेते, यावरून दर्जा ठरत नाही. दर आधी लेखी सांगितले जातात का, पावती मिळते का, पैसे संपल्यावर रुग्णाला दार दाखविले जाते का, हे पाहावे. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हेही कुटुंबीयांनी ध्यानी ठेवावे.

सावधगिरीच्या खुणा

काही गोष्टी आढळल्यास मात्र पुन्हा विचार करावा : "हमखास बरा करतो" असे आश्वासन, नातेवाइकांना भेटण्याच्या वेळा अत्यंत तुटपुंज्या, सर्वच रुग्ण दिवसभर गुंगीत, मोठी आगाऊ रक्कम मागणे, तपासण्यांचा व सलाईनचा सपाटा, आणि प्रश्न विचारल्यावर येणारा राग. यांतील शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे.

कुटुंबीयांसाठी प्रश्नावली

नातेवाइकांनी संस्थेस भेट देताना पुढील प्रश्न सोबत न्यावेत.

१. वेदना कशी मोजता व कोठे लिहिता?
२. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन आज उपलब्ध आहे काय? घरी किती दिवसांचे मिळेल?
३. रात्री व सुटीच्या दिवशी कोणास फोन करावयाचा?
४. प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका कोण आहेत आणि रुग्णास ते किती दिवसांनी पाहतात?
५. आमच्या गावी येऊन सेवा देता काय?
६. घरच्या माणसाला रुग्णासोबत राहता येईल काय? त्याला काय शिकवाल?
७. शेवटच्या दिवसांत रुग्णास दुसरीकडे हलविण्यास सांगाल काय?
८. एकूण खर्च किती व सवलत कोणास मिळते?

शक्य झाल्यास ज्यांच्या घरचे माणूस त्या संस्थेत निवर्तले अशा एखाद्या कुटुंबाशीही बोलावे. त्यांच्याइतका निःपक्ष परीक्षक दुसरा मिळणार नाही.

यापुढे अशा रुग्णांना अन्य संस्थेकडे पाठविताना ही प्रश्नावली कुटुंबीयांच्या हाती द्यावी आणि परत आलेली उत्तरे संस्थावार नोंदवून ठेवावीत, असे प्रशासनाने योजिले आहे. आपल्या न्यासाने स्वतः घरपोच परिहार सेवा सुरू करावी की एखाद्या अनुभवी संस्थेशी सहकार्य करावे, याचा निर्णय विश्वस्त मंडळ यथावकाश घेईल. तो कोणताही असो, वरील कसोट्या इतरांना लावण्याआधी आपण स्वतःलाही लावून घेतल्या पाहिजेत. रोग बरा करणे नेहमीच मनुष्याच्या हाती नसते. वेदना कमी करणे मात्र बहुतेक वेळा हाती असते, आणि त्यासाठी लागणारे औषध, ज्ञान व माणसे ही तिन्ही आज आपल्या आवाक्यात आहेत. ती आपल्या जिल्ह्यातील शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचावीत यासाठी आपणां सर्वांचे सहकार्य लाभावे, ही प्रार्थना.